बाबासाहेब कोपऱ्यात, शुभेच्छुक मधोमध

जुन्या जालन्यात एप्रिल लागला की गांधी चमनपासून मस्तगडाकडं जाताना एक खांब उघडा दिसत नाही. विजेचा खांब, टेलिफोनचा खांब, कडुनिंबाचं झाड, कुणाच्या तरी दुकानाचं शटर... सगळ्यांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं. आपली जयंती आलेली असते. आनंद आहे. पण दोस्तांनो, एकदा गाडी बाजूला लावा, यातल्या एका तरी फ्लेक्सपुढं पाच मिनिटं उभे राहा आणि तो नीट वाचा.

वर डाव्या कोपऱ्यात बाबासाहेब. तळहाताएवढे. त्यांच्या शेजारी बुद्ध, फुले, शाहू, शिवराय. रेशनच्या रांगेत उभे केल्यासारखे. मधोमध मात्र एक गृहस्थ. पांढरा शर्ट, काळा गॉगल, कानाला मोबाईल. त्याची उंची बाबासाहेबांच्या दसपट. त्याच्या पायाशी पासपोर्ट साइजची तीस-चाळीस मुंडकी आणि खाली अक्षरं : शुभेच्छुक. अंबडहून एसटीनं उतरलेला, अक्षरओळख बेताची असलेला एखादा म्हातारा हे बघेल तर त्याला वाटेल, १४ एप्रिलला हा गॉगलवालाच जन्मला आणि कोपऱ्यातले कोटवाले साहेब त्याला आशीर्वाद द्यायला आले.

आपल्या जयंती समितीच्या बैठका मी बघत आलोय. वर्गणीवर दोन तास, डीजेवर दीड तास, मिरवणुकीच्या रस्त्यावर तास, मग रात्री अकराला कुणीतरी जांभई देत म्हणतं, "बॅनरचं काय ते पोरं बघून घेतील." आणि पोरं बघून घेतेत. माझं भांडण या वाक्याशी आहे. बॅनर हा बैठकीचा शेवटचा विषय कसा काय झाला? चळवळ रस्त्यावरून जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ती फलकावर. भाषण तो नंतर ऐकेल, पुस्तक वाचेल की नाही ठाऊक नाही. फलक मात्र तो बघणारच, कारण त्याला डोळे आहेत आणि रस्ता तोच आहे.

आणि मराठवाड्यातल्या माणसाला पाटीचं मोल कुणी समजावून सांगायला पाहिजे? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. ठराव मुंबईत झाला, घरं इकडं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार मारलं. १९७९ ला लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला पाटीवर नाव चढलं, तेही 'मराठवाडा' शब्द जागच्या जागी ठेवून. साडेपंधरा वर्षं. एका दरवाजावरची काही अक्षरं! ज्यांनी घरं जाळली ते अडाणी नव्हते, त्यांना पक्कं ठाऊक होतं की पाटीवर कुणाचं नाव आहे यावर आत कोण ताठ मानेनं शिरणार ते ठरतं. शत्रूला जे कळलं ते आपल्या समितीला रात्री अकरा वाजता कळत नाही.

बाबासाहेबांना ते किती कळत होतं बघा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ ला मुंबईत कॉलेज काढलं, त्याचं नाव सिद्धार्थ. फोर्टातल्या त्याच्या इमारती आनंद भवन आणि बुद्ध भवन. स्वतःच्या घराचं नाव राजगृह. १९५० ला औरंगाबादेत सुरू केलेल्या कॉलेजचं नाव मिलिंद, आणि भोवतीच्या माळाचं नागसेनवन. मिलिंद म्हणजे भिक्खूला प्रश्नावर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन म्हणजे त्याला उत्तरं देणारा. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मुलुखात, जिथं आपल्या बापाला 'जोहार' घातल्याशिवाय तोंड उघडता येत नव्हतं, तिथं कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव! देणगी देणाऱ्या शेठजीचं नाव दगडात कोरून मोकळं होण्याची त्या काळीही चाल होती. बाबासाहेबांनी ती मोडली. १९४७ ला राष्ट्रध्वज ठरवणाऱ्या समितीत ते होते. २२ जुलैला संविधान सभेनं मंजूर केलेल्या तिरंग्यावर चरख्याऐवजी अशोकाचं चक्र आलं. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही शीर्षकं नुसती एकाखाली एक लिहून बघा. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. छत्तीस वर्षांची चळवळ चार मथळ्यांत वाचता येते. हा माणूस नावं आणि खुणा वजन करून वापरत होता.

त्याच माणसाची जयंती आपण कुणाच्या हाती देतो? फ्लेक्सवाल्याच्या दुकानात काँप्युटरवर बसलेल्या ऑपरेटरच्या. मी एकदा मुद्दाम बसून बघितलं. पोरगा हुशार, हात चलाख. त्याच्या काँप्युटरमध्ये तयार फाइली : गणपती, शिवजयंती, वाढदिवस, उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली आणि भीमजयंती. सांगाडा एकच. मागचा भगवा काढला, निळा ओतला. गणपती काढला, बाबासाहेब ठेवले. किरणं तशीच, कारंजी तशीच, सोनेरी महिरप तशीच. गॉगलवाल्याची जागा तर पक्की, त्याला कुणी हात लावत नाही. "डिझाइन दाखव" म्हटलं तर म्हणाला, "साहेब, डिझाइन कामून? फोटो द्या, साइज सांगा, अर्ध्या तासात घेऊन जा." तो त्याचा धंदा करतोय, त्याला काय बोलायचं? त्याला कुणी सांगितलंच नाही की या फलकाला काही म्हणायचंय.

आता चुका मोजा. चक्राला २४ आरे असतात. आपल्या फ्लेक्सवर १६ दिसतात, २० दिसतात, एकावर तर बैलगाडीचं चाकच. पंचशील ध्वजाचे पट्टे निळा, पिवळा, लाल, पांढरा, मंजिष्ठ या क्रमानं येतात. हा ध्वज १८८५ ला श्रीलंकेत पहिल्यांदा फडकला आणि तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आपल्या चौकात तो कसाही येतो, कधी चक्क इंद्रधनुष्य. आणि बाबासाहेबांचा चेहरा! गोरा केलेला, गाल तुकतुकीत, ओठ गुलाबी, डोक्यामागं तेजोवलय, मागं दोन सिंह जबडा फाडून उभे. ज्यानं १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीलाच विभूतिपूजेवर कोरडे ओढले, ज्यानं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीच्या रस्त्यानं नेते, त्याच्या डोक्यामागं आपण गणपतीचं वलय चिकटवतो. वलय चिकटलं की वाचायची गरज संपली. देवाला कोण वाचतं? त्याला हार घालतेत आणि पुढं नाचतेत.

कुणी म्हणेल, रंगाचं आणि रेषेचं एवढं काय घेऊन बसलात, अत्याचाराच्या बातम्या रोज येताहेत. अरे, मग २०१८ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात बदायूंला काय झालं? मोडलेल्या पुतळ्याच्या जागी नवा पुतळा आला तो भगव्या कोटातला. लोकांनी ओरड केली, मग पुन्हा निळा रंग मारला गेला. ज्यानं भगवा डबा उघडला त्याला रंगाचा अर्थ नेमका ठाऊक होता. निळा आपल्याला कुणी दान दिलेला नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, आणि तो वस्तीत पोचला तेव्हा बाजारातून पोचला नाही. आपल्या आयांनी चुन्यात कपड्याची नीळ कालवून भिंती सारवल्या. प्रत्येक घराचा निळा थोडा वेगळा, कुठं फिका, कुठं गडद, जशी नीळ परवडली तसा. आता फ्लेक्सचा निळा सगळीकडं एकच, आणि पलीकडच्या गल्लीतल्या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतही तोच.

प्रस्थापितांचं मात्र या बाबतीत कधी चुकत नाही. त्यांच्या साहित्य-संस्कृतीच्या कार्यक्रमाचं बोधचिन्ह काढायचं ठरलं की वीणा येते, मोराचं पीस येतं, समई येते, बोरू येतो आणि मग सांगितलं जातं की हे 'सर्वांचं' आहे. बोरू कुणाच्या हातात होता आणि कुणाच्या हातात तो दिसला तर हात तोडायला निघत होते, हे त्या बोधचिन्हात दिसत नाही. मुंबईच्या मराठी रंगभूमीला कळलं होतं की नाटकाच्या नावाचं अक्षर हाच नाटकाचा पहिला प्रवेश असतो; म्हणून कमल शेडग्यांसारखा (१९३५–२०२०) अक्षरांचा माणूस त्यांनी सांभाळला. जाहिरातीतलं नाव बघूनच प्रेक्षकाला नाटकाची जात कळायची. (इथं 'जात' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय.) आर. के. जोशींनी तर देवनागरी अक्षराचा आयुष्यभर अभ्यास केला. आज काँप्युटरवर दिसणारं 'मंगल' हे अक्षर त्यांचं. ही माणसं मोठी, त्यांच्याकडून शिकायचंच. पण आपल्या जलशाचं अक्षर कुणी काढलं? आपल्या धम्म परिषदेचं? ते काढणारे होते. त्यांना पेंटर म्हणत, आणि कलावंतांच्या यादीत त्यांचं नाव लागत नसे.

पेंटरचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांजरपाटाचं कापड, लाकडी चौकटीवर ताणलेलं. त्याला खळ. सुतळीला खडू चोळून दोन्ही टोकं दोघांनी धरायची आणि मधून उचलून सोडायची, फट् — पांढरी रेघ सरळ उमटली. बाबासाहेबांचा छोटा फोटो घेऊन त्यावर पेन्सिलीनं चौकोन, कापडावर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन बघत चेहरा मोठा करत न्यायचा. दोन-तीन रात्री जायच्या. भोवती पोरं बसायची. चष्मा चुकला तर एखादा म्हातारा मागून सांगायचा, "दादा, साहेबाचा चष्मा असा नव्हता, म्या बघेल हाये." चेहरा काढता काढता वस्ती तो चेहरा पाठ करायची. फ्लेक्स अर्ध्या तासात येतो आणि कुणी काहीच पाठ करत नाही. कापडाला मर्यादा होती, म्हणून मजकूर कमी होता. पेंटर अक्षरामागं पैसे घ्यायचा, म्हणून चाळीस शुभेच्छुक कुणाला परवडायचेच नाहीत! गरिबीनं आपल्याला फालतूपणापासून वाचवलं होतं, असं म्हटलं तर राग येईल, येऊ द्या.

सायक्लोस्टाईलवर अंक काढणाऱ्यांना हेच ठाऊक होतं. स्टेन्सिल कापताना बारीक रेघ टिकत नाही, 'ठ' आणि 'व' चा पोकळ भाग गळून पडतो, शाई फुटते. मग चित्र जाड रेघेतच काढावं लागतं, मजकूर नेमकाच ठेवावा लागतो. अमेरिकेत ब्लॅक पँथर पार्टीच्या वृत्तपत्रात एमरी डग्लसनं हेच केलं. छपाई स्वस्तातली, काळ्याच्या जोडीला बहुतेकदा एकच रंग. त्यानं रेघ इतकी जाड धरली की छपाई थोडी सरकली तरी चित्राचं काही बिघडत नसे. पक्षानं त्याला पद दिलं होतं सांस्कृतिक मंत्र्याचं. चित्रं काढणारा मंत्री! आपल्याकडं तो 'बॅनर बघून घेणारा पोरगा' असतो.

त्या काळ्या चित्त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अलाबामातल्या लाउंडेस काउंटीत काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला तो १९६५-६६ च्या सुमारास. मतदार निरक्षर खूप, म्हणून मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाला चित्र लागायचं. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं तिथलं चिन्ह पांढरा कोंबडा. यांनी काळा चित्ता घेतला. रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीनं तो एका काळ्यांच्या कॉलेजच्या चिन्हावरून काढला. तिथून तो कॅलिफोर्नियात गेला, आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथरच्या नावात आला. गरज निरक्षर मतदाराची होती. आपल्याकडं १९५२ च्या निवडणुकीत फेडरेशनचं चिन्ह हत्ती होतं, तेही वाचता न येणाऱ्या माणसासाठीच. वाचता न येणाऱ्याला एका नजरेत 'हे आपलं' म्हणून कळलं पाहिजे, ही कसोटी आजही जुनी झालेली नाही. आपला फ्लेक्स या कसोटीवर नापास आहे. त्यात वाचता येणाऱ्यालाही काही कळत नाही.

आता एक आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. एक पोरगा मला म्हणाला, "सर, माझ्या आज्यानं येसकरपाळी केली. चौकातून चालताना त्याला मान खाली घालावी लागायची. त्याच चौकात माझा फोटो वर टांगलाय. तुम्हाला काय त्रास?" सळईच्या कारखान्यात बारा तास भट्टीपुढं उभा राहणारा पोरगा तो. वर्षातून एकदा त्याचा चेहरा रस्त्याच्या वर जातो. हा चेहरा खाली उतरव म्हणायचा अधिकार कुणाला आहे? सदाशिव पेठेत बसून फ्लेक्स-संस्कृतीवर नाक मुरडणाऱ्यांना तर मुळीच नाही. त्यांचे चेहरे पिढ्यान् पिढ्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर, भिंतीवरच्या तैलचित्रात आणि नोटिशीखालच्या सहीत होते, त्यांना फ्लेक्स लागलाच नाही.

पण लेका, नीट बघ ना. तुझा चेहरा आहे कुठं? गॉगलवाल्याच्या बुटाशी. किती मोठा? दिलेल्या वर्गणीएवढा. पैसे कमी पडले तर पुढच्या वर्षी नुसतं नाव, त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही. आज्यानं मान खाली घालायची ती पाटलाच्या वाड्यापुढं, तू फोटो खाली लावतोस तो दादाच्या पायापुढं, आणि याला आपण अस्मिता म्हणायचं? हा दादा उद्या कुठल्या पक्षात जाईल ते त्यालाही ठाऊक नाही. तुझा चेहरा मात्र त्याची ताकद म्हणून मुंबईला जाऊन दाखवला जातो, "माझ्यामागं एवढी पोरं आहेत." फ्लेक्स हे त्याचं हजेरीपुस्तक आहे.

शिवाय किती दिवस टिकतो तो? महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ चा. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये निकाल दिलाय. कायदा कुणाच्या फलकावर आधी चालतो आणि कुणाच्या फलकाला सणासुदीची सूट मिळते हे आपण ओळखून आहोत. त्यामुळं जयंती सरली की आपले फ्लेक्स आधी उतरतेत. २०२३ पासून जालन्याला महापालिका आहे, पण कचऱ्याची गाडी तीच. तिच्यात बाबासाहेबांचा चेहरा घडी घालून, चिखलाच्या बुटाखाली दाबून नेला जातो. उरलेले फ्लेक्स कुंडलिकेकाठच्या झोपड्यांवर पावसाळ्यासाठी चढतेत. प्लॅस्टिकचा तेवढा एक उपयोग मला मान्य आहे.

छापण्याची, लिहिण्याची जागा आपली असणं म्हणजे काय असतं हे २०१६ ला पुन्हा कळलं. २५ जूनच्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं, त्यात बुद्धभूषण प्रेस गेला. बाबासाहेबांची पत्रं जिथून निघाली तो छापखाना. पुढच्या महिन्यात मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, आणि निघायलाच पाहिजे होता. पण पडलेल्या छापखान्यासाठी मोर्चा काढणाऱ्यांनी स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या तयार फाइलीत का ठेवावं?

तेव्हा जुन्या जालन्यातल्या पोरांपुढं माझं मागणं आहे. बॅनर बैठकीचा पहिला विषय करा. फलकावर एकही जिवंत चेहरा नको, दादाचा नको, माझा नको, तुझाही नको. ज्यानं वर्गणी दिली त्याचं नाव रकमेसह वहीत, आणि वही विहाराच्या दारात उघडी. जयंतीची एक खूण ठरवा. खडूनं, कोळशानं, सायकलवरच्या पोरालाही भिंतीवर एका दमात काढता आली पाहिजे अशी. ती कुठली असावी हे मी सांगणार नाही. चार वस्त्यांतल्या पोरींना आणि पोरांना कागद द्या, काढू द्या, विहारात टांगा, लोक बोट ठेवतील ती घ्या. पोरींना म्हणालो ते विसरू नका. चाळीस शुभेच्छुकांत बाई शोधून दाखवा, मिळाली तर पुढाऱ्याची बायकोच मिळेल. खाली एक ओळ मजकूर : व्याख्यान कुठं, किती वाजता, विषय काय. चक्र काढलं तर आरे मोजून काढा. 

पेंटर अजून आहेत. फ्लेक्सनं पोट मारल्यावर कुणी घरांना रंग देतो, कुणी ट्रकच्या मागच्या पाट्या लिहितो. त्यांना बोलवा, मजुरी द्या. फुकट 'समाजकार्य' म्हणून राबवू नका, ती आपल्यातली जुनी खोड आहे. त्यांच्या हाताखाली पाच पोरं बसवा. सुतळी कशी झटकायची, चौकोन कसे आखायचे हे त्यांच्याबरोबर गेलं तर कुठल्या काँप्युटरमध्ये सापडणार नाही.

हिशेबाचं विचाराल तर कापड पहिल्या वर्षी महाग पडेल. पण १६ एप्रिलला ते उतरवायचं, झटकायचं, घडी घालून विहाराच्या कपाटात ठेवायचं. तारीख तर दरवर्षी तीच. पुढच्या वर्षी फक्त कितवी जयंती तो आकडा आणि वक्त्याचं नाव खरवडून पुन्हा रंगवायचं.